बँकर सुटल्यावर काय?

रेल्वेने कसारा घाट चढलेल्या माणसाला बँकर इंजिन माहीत असतं. नसेल तर सांगतो. कसारा ते इगतपुरी चढ आहे ३७ फुटांमागे १ फूट. म्हणून लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिनं लावतात. ती गाडी वर ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. पुढे नाशिक असो की हावडा, गाडीने आपल्या इंजिनावर जायचं.

आता मुद्द्यावर येतो. डाएट आणि व्यायामाच्या बाबतीत आपण सगळे बँकरवर भाळतो. जिमची वर्षाची फी, नववर्षाचा संकल्प, ३० दिवसांचं चॅलेंज, हापिसातली पावलं मोजायची स्पर्धा... हे सगळे बँकर. वाईट अजिबात नाहीत, पण ते कधीतरी सुटणारच. त्यामुळे माझ्या मते कुठलीही पद्धत निवडताना "किती किलो उतरतील?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बँकर सुटल्यावर मला हे ओढवेल का?

माझ्यासाठी हा गप्पांचा विषय नाही. आजोबांना मधुमेह होता, वडिलांना आहे, आणि गेल्या वर्षी माझा एचबीए१सी ५.९ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस. सिग्नल पिवळा आहे, लाल नाही. सोमवार ते शुक्रवार ठाण्यात खुर्चीवर, त्यात तीन रात्री अमेरिकेबरोबर कॉल, आणि शनिवार-रविवार इगतपुरीला आईवडिलांकडे. जे काही करायचं ते या वेळापत्रकात बसायला हवं.

आमच्या गावातच याचं एक चांगलं उदाहरण आहे. धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून इथे आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे ४ ला घंटा, साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, आणि संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा आणि फळं. बस्स, रात्रीचं जेवण नाही. शिबिर काही वजन उतरवण्यासाठी नसतं, पण माझे दोन मित्र जाऊन आले, दोघेही म्हणाले की दोन-तीन दिवसांनंतर रात्री भुकेची आठवणही येत नव्हती. घरी गेल्यावर मात्र आठवड्याच्या आत रात्री साडेनऊचं ताट पुन्हा सुरू. यात त्यांचा निश्चय कच्चा पडला असं मला वाटत नाही. तिथे स्वयंपाक दुसरा कोणी करतो, फोन जमा असतो, शेजारी कोणी वडापाव खात नसतो. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" खरी परीक्षा प्रॉडक्शनला.

महाराष्ट्रात गेली काही वर्षं एक जुगलबंदी चालू आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज चाला. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं, दर दोनेक तासांनी, आपलं घरचंच खा. व्हॉट्सॲपवर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते भांडतात. मला विचाराल तर दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्याला, जेवायला धड वेळ नसणाऱ्याला दोन जेवणं सोयीची पडतील. डबा सोबत असलेल्या माणसाला दुसरी पद्धत. भांडण माणसांच्या दिवसांचं आहे, ते आपण तत्त्वाचं करून ठेवलंय. (एक मात्र गंभीरपणे सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते.)

आता भात. घोटी-इगतपुरीचा पट्टा भाताचा. घरात इंद्रायणी शिजली की वास अंगणापर्यंत. वडिलांना एका ओळखीच्यांनी सांगितलं, "भात बंद करा." वडील म्हणाले, "मग जेवण कशाला म्हणायचं?" शेवटी आईने तोडगा काढला: भात आहे, पण एकच मूद, आधी भाजी आणि आमटी, सोबत नाचणीची अर्धी भाकरी. दोन वर्षं झाली, चालू आहे. बंद केला असता तर दिवाळीपर्यंतही टिकलं नसतं.

व्यायामाचंही तेच. "रोज सकाळी ५ किलोमीटर चाला" हा सल्ला इगतपुरीत जून ते सप्टेंबर पाण्यात जातो, अक्षरशः. इथला पाऊस छत्रीला जुमानत नाही. म्हणून पावसाळ्यासाठी वेगळी सोय आधीच ठरवलेली बरी. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. आठवड्याला मध्यम दमाचा १५० मिनिटं व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं.

"२१ दिवसांत सवय लागते" हेही डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात (प्रसिद्ध २०१०) सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपण एक दिवस चुकला की आख्खा महिना सोडून देतो.

मी सध्या तीनच गोष्टी धरल्यात. कॉलच्या दिवशी जेवण कॉलच्या आधी, साडेसातला. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सकाळी बारा नमस्कार. दिसायला फार किरकोळ आहे, सिक्स पॅक वगैरे होणार नाहीत. पण आठ महिने कुणी न ढकलता चाललंय. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. आकडा काय येतो ते बघू, पण तो काहीही आला तरी दुसऱ्या दिवशी साडेसातला जेवायला बसायचं आहेच.