रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

अब्बांना ४९व्या वर्षी पहिला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, रोज एक स्टॅटिनची गोळी सुरू झाली. वर्षभराने रिपोर्ट नॉर्मल आला. घरात सगळे खूश. "आता कोलेस्टेरॉल आहेच कुठे?" म्हणत अब्बांनी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, पण मीही अडवलं नाही. काही महिन्यांत दुसरा अटॅक आला. अब्बा वाचले, पण आज जिना चढताना दोनदा थांबतात.

आमची चूक साधी होती. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळेच. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल लिव्हर स्वतः तयार करतं. स्टॅटिन ते काम मंदावते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो.

कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींना आणि हार्मोन्सना ते लागतंच. पण एलडीएल वाढलं की ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं. वर्षानुवर्षं दुखत नाही, चक्कर येत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळतच नाही.

आपल्याकडे दोन गैरसमज पक्के आहेत. एक, हा जाड माणसांचा आजार. दुसरा, हा गोश्त खाणाऱ्यांचा आजार. मी बारीक आहे. तरी ३३व्या वर्षी कंपनीच्या चेकअपमध्ये माझं एलडीएल १६२ निघालं. शाकाहारी घरांतही अटॅक येतातच. तळलेलं, वनस्पती तुपातली खारी, सिगारेट, दिवसभर खुर्चीत बसणं, आणि मुख्य म्हणजे घराण्याकडून आलेला वारसा, हे सगळं त्यात आहे. म्हणून दावतीत हात आवरायचा नाही असं नाही. पण नुसता हात आवरून भागेलच असंही नाही.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली सांगितलं की पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी करावी. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याही आधी. सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली असावं. शुगर किंवा बीपी असेल तर ७०च्या खाली, आणि अटॅक येऊन गेला असेल तर ५५च्याही खाली. म्हणजे लॅबच्या कागदावरचं 'नॉर्मल' प्रत्येकाला सारखं लागू होत नाही. आपला आकडा डॉक्टरांकडूनच समजून घ्यायला हवा.

आपल्या मोहल्ल्यांत रक्तदान शिबिरं उत्साहाने होतात. त्यांच्या जोडीने लिपिड तपासणी का ठेवू नये? आणि त्यात घरातल्या बायकांनाही न्यायला हवं. आमच्या घरी पथ्याचं जेवण, गोळ्यांच्या वेळा सगळं अम्मी सांभाळते. तिची स्वतःची तपासणी मात्र ५६व्या वर्षापर्यंत कुणी केली नव्हती. गेल्या महिन्यात केली. तिचं एलडीएल माझ्यापेक्षा जास्त निघालं.