विसरल्यावर बाईचं काय उरतं?



१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. नवऱ्यावर अकारण संशय, स्वयंपाकात चुका, विसराळूपणा, अशा तिच्याबद्दलच्या तक्रारी. डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. आडनाव विचारलं, तर पुन्हा तेच: ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ऑगुस्टेच. १९०६ मध्ये ती गेली. पुढे आजाराला नाव मिळालं ते डॉक्टरांचं. पण मला त्या संवादातलं वेगळंच काही अस्वस्थ करतं. नवऱ्यानं दिलेलं आडनाव गळून गेलं होतं, खुद्द नवऱ्याचंही नाव गेलं होतं. उरलं होतं ते तिचं स्वतःचं नाव.

पासष्टीच्या आत येणाऱ्या स्मृतिभ्रंशावर आज कादंबऱ्या आहेत, चित्रपट आहेत. ते वाचताना, पाहताना मी एक प्रश्न सोबत ठेवते: ही गोष्ट नेमकी कुणाची?

‘यू मी और हम’ (२००८) या हिंदी चित्रपटात तरुण पियाला हा आजार होतो. नवरा तिला संस्थेत ठेवतो, मग घरी परत आणतो. तिची कहाणी सांगतो तोही नवराच. आपले डोळे पाणावतात ते त्याच्या निष्ठेनं. ‘तन्मात्रा’ (२००५) या मल्याळम चित्रपटात आजारी पडतो तो सरकारी नोकरीतला रमेशन. त्याची बायको लेखा त्याचं सगळं करते, घरही सांभाळते. पण तिच्याकडे पाहून ‘काय हे प्रेम!’ असं आपल्या तोंडून सहज निघत नाही. बायकोच ती, करणारच! पुरुषानं केली तर प्रेमकथा आणि बाईनं केली तर रीत, असा सेवेचा हिशेब आपल्याही मनात पक्का बसलेला आहे.

म्हणून लिसा जेनोव्हा यांची ‘स्टिल अ‍ॅलिस’ (२००७) ही कादंबरी मला महत्त्वाची वाटते. हार्वर्डची प्राध्यापक अ‍ॅलिस पन्नाशीत विसरू लागते आणि हे सारं आपण तिच्या नजरेतून पाहतो. नवरा जॉन वाईट माणूस नाही. पण त्याला न्यूयॉर्कची नोकरी हवी असते आणि अ‍ॅलिसला आपलं ओळखीचं गाव सोडायचं नसतं. बायकोच्या मताची किंमत तिच्या स्मरणशक्तीबरोबर कशी घटत जाते, ते इथे दिसतं. शेवटी धाकटी मुलगी तिच्यासमोर एक स्वगत सादर करते. ही आपली लेक, हे अ‍ॅलिसला ठाऊक नसतं. ती तिच्यासाठी नुसती एक नटी असते. पण त्या बोलण्यातलं प्रेम तिला बरोबर कळतं. मुलगीही ‘मला ओळखलंस का?’ असं विचारत नाही. तुला काय वाटलं, असं विचारते. माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत खरं प्रेम ते हेच.

तरीही एक गोष्ट सलते. अ‍ॅलिसनं काय गमावलं हे जगाला दिसतं, कारण तिची व्याख्यानं होती, पद होतं. पण जिचं सारं आयुष्य चुलीपुढे गेलं, तिचं काय? तिच्या कामाची कधी मोजदादच झाली नाही, मग तिनं गमावलेलं कोण मोजणार? भाजीत दोनदा मीठ पडलं, दूध उतू गेलं, तर तिच्या वाट्याला आधी बोलणी येतात, कधी मारही. दवाखाना फार उशिरा. चाळिशी-पन्नाशीची असेल तर ‘पाळी जाण्याचे दिवस आहेत’ म्हणून विषय मिटवला जातो.

प्रश्न कथेपुरता नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा बरा न होणारा मनोविकार हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. दुसरीकडे, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येक सज्ञान व्यक्तीला एक हक्क दिला आहे: आपल्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीनं निर्णयात कोणी साथ द्यावी, हे आधीच लिहून ठेवण्याचा. आपल्या गटांमध्ये याची चर्चा व्हायला हवी. ही साथ देणारी व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. मैत्रीणही असू शकते.

एखादी बाई आपल्याला ओळखेनाशी झाली की ‘आता ती राहिलीच नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. पण बाईचं असणं तिनं कुणाला ओळखण्यावर का टांगायचं? तिला आवडनिवड असते, भीती असते, नकार असतो. ते विचारत राहणं आणि ऐकत राहणं हेच प्रेम, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या गटात बोला आणि जरूर कळवा.