पांढऱ्या शाईखालचे आकडे

सप्टेंबर २०२५ मध्ये आफ्रिकेतील मलावी या देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि पीटर मुथारिका हे ८५ वर्षांचे वयोवृद्ध पुढारी ५६ टक्क्यांहून अधिक मते मिळवून पुन्हा सत्तेवर आले. मावळते राष्ट्राध्यक्ष लझारस चक्वेरा यांस सुमारे ३३ टक्के मते पडली. ही वार्ता ऐकून कोणाच्याही मनात एक प्रश्न सहज उभा राहील. ज्या मुथारिकांची निवडणूक २०२० साली न्यायालयाने रद्द ठरविली, त्यांसच लोकांनी परत बोलावले. तर मग पाच वर्षांपूर्वीचा तो सारा खटाटोप व्यर्थच नव्हे काय? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मलावी हा सुमारे दोन कोटी वस्तीचा, शेतीवर जगणारा गरीब देश. १९६४ साली तो ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाला खरा. पण हेस्टिंग्ज बांडा यांनी १९७१ मध्ये स्वतःस तहहयात राष्ट्राध्यक्ष म्हणवून घेतले आणि मतपेटी नावापुरतीच उरली. १९९३ च्या सार्वमतात जनतेने एकपक्षीय राजवट झुगारून दिली व पुढच्याच वर्षी बांडांस खुर्चीवरून खाली उतरविले. तेव्हा मताची किंमत या लोकांस कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. तीस वर्षे ते मत हाती नसताना काय भोगावे लागते, हे त्यांनी अंगावर सोसलेले आहे.

मे २०१९ च्या निवडणुकीत मुथारिका ३८.५७ टक्के मतांवर विजयी घोषित झाले. चक्वेरा त्यांच्यामागे अवघ्या १ लाख ५९ हजारांच्या आसपास मतांनी राहिले. पण मतदान केंद्रांवरून आलेले निकालपत्रक पाहू जाता ठिकठिकाणी आकडे पांढऱ्या शाईने पुसून वर नवे आकडे लिहिलेले आढळले. कारकुनाने हिशेबातील चूक झाकावी तशा सहजतेने जनतेचा कौल झाकला गेला होता. परदेशांतून आलेल्या निरीक्षकांनी या प्रकाराची फारशी खळखळ केली नव्हती. खळखळ केली ती मलावीच्या सामान्य माणसाने. कित्येक महिने लोक रस्त्यांवर उतरत राहिले. आणि आश्चर्य असे की, निदर्शकांच्या रक्षणास खुद्द त्या देशाचे लष्कर उभे राहिले.

चक्वेरा व त्यांचे सहअर्जदार सौलोस चिलिमा न्यायालयात गेले. हीली पोटानी, आयव्ही कमांगा, रेडसन कापिंडू, डिंगिस्वायो मदिसे आणि मायकेल टेंबो या पाच न्यायाधीशांपुढे खटला चालला. त्यांस लाच देऊ पाहणारा एक धनाढ्य गृहस्थ पुढे दोषी ठरला, यावरून त्यांच्यावर किती दडपण होते याची कल्पना यावी. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हे पाचही जण अंगात गोळीरोधक कवच घालून, लष्करी वाहनातून न्यायासनापर्यंत आले आणि सुमारे ५०० पानांच्या निकालाने त्यांनी ती निवडणूक रद्द केली. १५० दिवसांच्या आत फेरनिवडणूक घ्यावी व विजयी उमेदवारास निम्म्याहून अधिक मते असलीच पाहिजेत, असेही त्यांनी सांगितले.

न्यायालयाने निवडणूक रद्द करणे ही गोष्ट जगास अगदीच अपूर्व नाही. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसेच केले होते. पण तेथे विरोधी उमेदवाराने फेरनिवडणुकीवर बहिष्कार घातला आणि गादी होती तेथेच राहिली. आपल्या देशातही १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. त्यानंतर अवघ्या तेराव्या दिवशी देशावर आणीबाणी लादली गेली, हे विसरणे कोणासही शक्य नाही. निकाल देणे न्यायाधीशाच्या हाती असते. तो पाळण्यास सत्ताधाऱ्यास भाग पाडणे हे साऱ्या समाजाचे काम असते.

मलावीतही सत्ताधारी मुकाट्याने बसले नव्हते. अपील झाले, ते मे २०२० मध्ये फेटाळले गेले. जूनमध्ये, मतदान तोंडावर आले असता, सरन्यायाधीशांस सक्तीच्या रजेवर धाडण्याचा घाट सरकारने घातला; तेव्हा वकील आणि न्यायाधीश रस्त्यावर आले व तो डाव फसला. २३ जूनला फेरमतदान झाले आणि चक्वेरा ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. आफ्रिका खंडात न्यायालयाने रद्द केलेल्या निवडणुकीनंतर विरोधी उमेदवार जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

पुढील पाच वर्षांची कथा मात्र सुखाची नाही. महागाई भडकली. २०२३ साली फ्रेडी वादळाने दक्षिण भाग उद्ध्वस्त केला. त्याच वर्षी तेथील चलनाचे मोठे अवमूल्यन झाले. पेट्रोलसाठी रांगा लागल्या. उपाध्यक्ष झालेले चिलिमा २०२४ च्या जूनमध्ये विमान अपघातात मरण पावले. लोकांनी ज्या आशेने चक्वेरांस निवडले होते ती आशा करपली, आणि लोकांनी त्यांस घरी बसविले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यायालयाने मलावीच्या जनतेस चांगले सरकार देण्याचे वचन कधीच दिले नव्हते. ते देणे कोणत्याही न्यायालयाच्या आवाक्यातले नाही. त्याने दिली ती एकच वस्तू : जे मत पेटीत पडेल तेच मोजले जाईल, ही हमी. त्या हमीने कोणाचेही पोट भरले नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु पोट न भरणाऱ्या सरकारास बदलण्याचा मार्ग त्याच हमीतून निघाला. २०१९ मध्ये शेकडा ३८ मतांवर, खाडाखोड केलेल्या कागदांच्या आधारे जे मुथारिका राज्य करीत होते आणि २०२५ मध्ये निम्म्याहून अधिक देशाने ज्यांस बोलावून आणले ते मुथारिका, यांचे नाव एक असले तरी अधिकार एक नव्हे. पहिला बळकावलेला होता, दुसरा सोपविलेला आहे.

आणि चक्वेरांकडे पाहा. सत्ता हाती असता त्यांनी निकाल जाहीर होण्यापूर्वीच पराभव मान्य केला. कोणी म्हणेल, हा त्यांचा मोठेपणा. असेलही. पण आकड्यांवर पांढरी शाई फिरविली तर ती न्यायालयात खरवडली जाते, हे त्या देशात त्यांच्याइतके दुसरे कोण जाणत होते? त्याच निकालाच्या खांद्यावर बसून ते सत्तेवर आले होते.

लोकशाहीचे मोल निवडून आलेल्या माणसावरून ठरविणाऱ्यांची नेहमीच निराशा होते. ते ठरवावे निवडण्याच्या रीतीवरून, आणि काढून टाकण्याच्या रीतीवरून तर त्याहूनही अधिक. मतदान केंद्रावर रात्री कंदिलाच्या उजेडात पत्रकावर आकडा लिहिणारा अधिकारी आणि त्याखाली सही करणारा उमेदवाराचा प्रतिनिधी, ही दोन साधी माणसे प्रामाणिक राहिली तर पाच न्यायाधीशांस चिलखत चढविण्याची वेळच येत नाही. मलावीच्या गरीब जनतेने हा धडा पुष्कळ किंमत मोजून घेतला आहे. तो फुकट मिळत असता जे देश घेणार नाहीत, त्यांस पुढे त्याहून जबर किंमत द्यावी लागेल.