भरल्या घरांतील एकटेपण

सन २०२२ च्या एप्रिलांत आमच्या उदगिरास ९५ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, हें वाचकांस स्मरत असेलच. अध्यक्षस्थानीं श्री. भारत सासणे होते. तिन्ही दिवस आम्ही मंडपांत हजर होतों. भाषणें ऐकलीं, ग्रंथांच्या दुकानांतून हिंडलों, आणि जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरास व्हावी तेवढी तृप्ति झाली. शेवटच्या सायंकाळीं घरीं परतलों, तों माजघराच्या कोपऱ्यांतून आमच्या आत्याबाईंनीं विचारलें, “काय रे झालें तिथें?” आम्ही म्हणालों, “तुला कळायचें नाहीं तें, आत्याबाई.” आणि पायांवर पाणी घेऊन आंत गेलों. त्याच वर्षीं कार्तिकांत आत्याबाई वारल्या.

हा प्रसंग आज सांगण्याचें कारण असें कीं, एकाकी जीवाचें दुःख हा विषय आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. मेघदूतांतील यक्ष कुबेराच्या शापानें एक वर्ष रामगिरीवर कंठतो; तो रामगिरि म्हणजे नागपुराजवळील रामटेक, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें. यक्षाची व्याकुळता समजावून देतांना आमचा कंठ दाटून येई. इंग्रजींत १७१९ सालीं डीफोनें निर्मिलेला रॉबिन्सन क्रूसोही असाच एकटा. त्याच्या भोंवतीं समुद्र. परंतु या दोघांच्या दुःखाचें कारण अंतर हें आहे. अंतर सरलें कीं दुःखही सरतें.

मराठी वाङ्मयांत, विशेषतः आमच्या स्त्रियांच्या लेखनांत, याहून निराळें एकटेपण आढळतें. तेथें पर्वत नाहीं, समुद्र नाहीं. पंक्तीस पंधरा पानें मांडलीं जातात, आणि तरीही एक जीव एकटा असतो. आमच्या मराठवाड्यांतील गंगाखेडची जनाबाई लहानपणींच पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आली आणि त्या भरल्या घरांत दासी म्हणून राबली. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासंगें दळूं लागतो. भक्तीचा महिमा तर खराच. पण ज्यांच्या घरीं जातें होतें त्यांस ठाऊक आहे कीं, जड दळणास समोर दुसरें माणूस बसावें लागतें. जनीसमोर कोण बसत होतें?

पुढें रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी पाहाव्या. पतीच्या इच्छेनें शिकूं लागली, एवढाच त्या मुलीचा अपराध. त्यापायीं घरांतील वडील बायकांचे टोमणे आणि अबोला तिनें सोसला. लक्ष्मीबाई टिळकांची कथा त्याहून कठीण. १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर सुमारें पांच वर्षें त्या आप्तांमध्यें राहिल्या, पण धड सवाष्ण म्हणून नव्हे आणि धड विधवा म्हणूनही नव्हे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’मध्यें त्यांनीं तें सारें हंसतहंसत सांगितलें आहे, वाचणाराचे डोळे मात्र कोरडे राहत नाहींत.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. एकांत वेगळा आणि एकटेपण वेगळें. गीतेच्या तेराव्या अध्यायांत एकांतस्थानाची आवड ज्ञानाच्या लक्षणांत गणिली आहे. एकांत माणूस आपण होऊन पत्करतो. एकटेपण त्याच्या वांट्यास इतर माणसें देतात, आणि बहुधा नकळत देतात.

विदर्भाच्या भवभूतीस आपल्या काळीं रसिक थोडे वाटले असावेत. आपणासारखा कोणी आज ना उद्यां जन्मास येईल, अशी आशा त्यानें ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत व्यक्त केली आहे. ती फळासही आली. जनाबाईस, रमाबाईंस, लक्ष्मीबाईंसही उशिरां कां होईना, श्रोते लाभले; कारण त्यांचे शब्द उरले. ज्यांचे शब्द उरत नाहींत त्यांचें काय?

आत्याबाई विशीच्या आंत विधवा होऊन माहेरीं आल्या आणि साठांहून अधिक वर्षें आमच्या घरीं राहिल्या. त्यांचा कोणी छळ केला नाहीं, कोणी अबोला धरला नाहीं. जो तो जातांयेतां “जेवलीस का?” म्हणून विचारी, आणि उत्तर येण्यापूर्वींच पुढें जाई. त्यांच्या मागें धाकट्या सूनबाईंनीं सांगितलें कीं, त्यांस जात्यावरच्या ओव्या कितीतरी येत. दुपारीं एकट्याच गुणगुणत असत. आम्ही त्यांतील एकही ऐकली नव्हती. ज्या वाङ्मयाचा गौरव ऐकण्यास आम्ही मंडपांत तीन दिवस बसलों, तें आमच्याच माजघरांत वाट पाहत बसलें होतें. तें आतां आत्याबाईंबरोबर गेलें.

वाचकांस उपदेश करण्याचा अधिकार या चुकीनंतर आम्हांस उरला नाहीं. विनंती मात्र करतों. आपल्या घरीं आजी असेल, काकू असेल, नवी आलेली सून असेल, किंवा वृद्ध झालेला मुका-मुका बाप असेल. दिवेलागणीनंतर घटकाभर त्यांच्यापाशीं बसावें. जेवणाखाणाचें विचारूं नये. त्यांच्या मनांत असेल तें बोलूं द्यावें, आणि सांगण्याजोगें असेल तें एखाद्या मुलानें वहींत उतरून घ्यावें. हा अंकही त्यांस मोठ्यानें वाचून दाखवावा. त्यांस कळेल. कळत नाहीं, असें आम्हीच उगाच धरून चाललों होतों.