चाकू कामाचा हवा, दिमाखाचा नको

मिडटर्म हाइकची यादी नोटीस बोर्डावर लागली की आमच्या डॉर्ममध्ये दोनच विषय असतात. कोण कोणत्या सेक्शनमध्ये आणि कोणाकडे कोणता चाकू. बूट, रेनकोट, टॉर्च यांच्यावर कोणी एवढं बोलत नाही. यंदा मात्र चाकूंवर पूर्ण बंदी येणार अशी चर्चा आहे. माझं मत विचाराल तर बंदी नको, आणि प्रत्येकाच्या रकसॅकमध्ये स्वतःचा चाकूही नको. सेक्शनमागे दोन चाकू असावेत, पण ते नीट पारखून घेतलेले असावेत.

आधी काम काय ते पाहू. हाइकवर आपण वाघाशी लढत नाही. तंबूची अडकलेली दोरी कापणं, मेखेसाठी काठीला टोक काढणं, रेशनची पाकिटं फोडणं, कांदे-बटाटे चिरणं, एवढंच काम असतं. जखमेवरचा कपडा कापायला प्रथमोपचार पेटीतली कात्रीच बरी. लाकडं फोडायची वेळही क्वचितच येते. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्या दिवसांत चीडाच्या वाळलेल्या सुयांवर एक ठिणगी पडली तरी अख्खा डोंगर पेटतो, म्हणून आपण स्टोव्हच वापरतो. या सगळ्या कामांना चार इंचांचं पातं पुरतं.

तरी मुलं घेतात काय? दहा इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ आणि तिच्या टोकाला होकायंत्र. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा सिनेमा आला आणि असले चाकू जगभर लोकप्रिय झाले. सिनेमातला चाकू एका चांगल्या कारागिराने बनवला होता. बाजारात मिळतात त्या बहुतेक स्वस्त नकला. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पातं मुठीच्या तोंडाशीच संपवावं लागतं, आणि सगळा जोर त्या एका सांध्यावर येतो. मागच्या हाइकला आमच्या सेक्शनमधल्या एका ज्युनियरचा असाच चाकू ओली दोरी कापताना मुठीतून निखळला. पातं त्याच्या बुटावर पडलं. बूट जाड होता म्हणून निभावलं. त्या वेळी आम्ही रस्त्यापासून चार तास लांब होतो.

म्हणून पहिली परीक्षा मुठीची. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं असावं. मुठीच्या दोन्ही फळ्यांच्या मधे पोलादाची पट्टी दिसते, ती पाहूनच घ्यावा. स्वीडनमधल्या मोरा गावच्या प्रसिद्ध चाकूंच्या बऱ्याच प्रकारांत पोलाद मुठीत अर्ध्यावरच थांबतं आणि तरीही ते वर्षानुवर्षं टिकतात, कारण त्यांची घडण पक्की असते. पण अनोळखी मालावर एवढा विश्वास कशाला टाकायचा? घडीचा चाकू खिशात मावतो हे खरं, पण त्याला बिजागरी असते. तिथे वाळू आणि चिखल शिरतो, आणि खटका सुटला तर पातं थेट बोटांवर मिटतं. सरळ पात्याच्या चाकूत बिघडायला काही नसतंच.

दुसरी परीक्षा पोलादाची. साधं कार्बन पोलाद दगडावर लवकर धार घेतं, पण ओलं राहिलं की गंजतं. स्टेनलेसमध्ये साधारण अकरा टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम असतं, त्यामुळे ते गंजाला दाद देत नाही. पण स्वस्त स्टेनलेस मऊ असतं आणि दोन दिवसांत बोथट होतं. पावसात जाणाऱ्या आणि पुसायचा कंटाळा करणाऱ्या कॅडेट्सना चांगलं स्टेनलेसच बरं. पोलाद कोणतं हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जावं. पोलादाचं नावच सगळं नसतं, त्याला पाणी कसं पाजलंय यावर धार टिकते. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या पाट्यापासून कोयते घडवतात. पाटा तोच असतो, पण एकाचा कोयता वर्षभर चालतो आणि दुसऱ्याचा महिन्यात वाकतो. धारेच्या कडेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती घसरली तर पोलाद कडक आहे, रुतली तर मऊ.

तिसरी परीक्षा म्यानाची, आणि तिकडे कोणाचंच लक्ष नसतं. चाकू म्यानात घालून उलटा धरावा आणि झटकावा. पडला तर घेऊ नये. चढावर घसरून आपटल्यावर चाकू म्यानातच राहायला हवा. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण ते ओल धरतं. ओलं झालं तर चाकू बाहेर काढून वेगळा वाळवावा. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असली की झालं. जाड पात्याने कांदा चिरत नाही, फुटतो.

कोणी म्हणेल, मग खुखरी काय वाईट? अजिबात नाही. हिमाचलातल्या बायका दराटाने फांद्या तोडतात, आमच्या कोकणात आजोबा कमरेच्या आकडीला कोयता अडकवून बागेत जातात, तशीच नेपाळी माणसाची खुखरी. ती तोडण्यासाठी घडवलेली आहे. तिच्या म्यानात दोन छोटी हत्यारं असतात. बारीक कामाला कर्दा, आणि धार लावायला किंवा ठिणगी पाडायला चकमक. खुखरीवाल्यालाही छोट्या कामाला छोटं पातं लागतं, ही गोष्ट आपण तिच्याकडूनच शिकावी.

बंदी मागणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातात धार कशाला, असं ते म्हणतात. चाकू दाखवून ज्युनियर्सना घाबरवणारे आहेत, हे खोटं नाही. म्हणूनच चाकू कोणा एकाचा नको, सेक्शनचा हवा. तो क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये राहावा, हाइकला निघताना सही करून मिळावा आणि परत आल्यावर उस्तादांना दाखवून जमा व्हावा. घरी जाताना तो कोणाच्याही ट्रंकेत जाऊ नये. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा शस्त्र नियमांत वेगळा उल्लेख आहे. आपलं चार इंची पातं त्यात बसत नाही, पण म्हणून ते बाजारात मिरवावं असं नाही.

आणि एक अट घालावी. ज्याला दगडावर धार लावता येते, म्यानात हात न कापता चाकू घालता येतो आणि दुसऱ्याच्या हाती मूठ पुढे करून देता येतो, त्यालाच सही करता यावी. उस्तादांनी दोन रविवार दिले तर हे सगळं शिकवून होईल. आज आपण रायफल खोलून, पुसून पुन्हा जोडायला शिकतो. उद्या आपल्या हाती माणसं सोपवली जाणार आहेत. मग चार इंचांच्या पात्याची जबाबदारी आपल्याला पेलणार नाही असं का मानायचं?