पाय नेमका कुठल्या पावात?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ज्ञानाचा पुरवठा पाण्यापेक्षा नियमित असतो, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या आठवड्यात पहाटे साडेपाचला निरोप आला : ‘बेकरीत पीठ पायांनी मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात. आजच खाणे सोडा. किमान दहा जणांना पाठवा.’ खाली जोडलेले हात आणि ओकारी आलेला हिरवा चेहरा. नाश्त्याच्या वेळेपर्यंत निम्म्या इमारतीने अंगठे वर केले होते. हीच निम्मी इमारत रविवारी सकाळी नाक्यावरच्या बेकरीसमोर कापडी पिशव्या घेऊन उभी असते आणि लादी गरम नसेल तर पोऱ्यावर डाफरते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर निरोपाला पुरवणी जोडली. त्यांच्या मते लादीचे चार भाग करतात, एक भाग म्हणजे पाव, म्हणून पाव. काका निवृत्त हिशेबनीस आहेत. आपल्या नाक्यावरच्या लादीला सहा पाव असतात आणि सहाचा चौथा भाग दीड होतो, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. मी तसं गटावर लिहिलं. उत्तरादाखल मला सुप्रभाताचं गुलाबाचं चित्र आलं.

खरी हकिकत चार ओळींची आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. पाव खाण्याची त्यांची सवय त्यांच्याबरोबर आली. त्यांच्या भाषेत या पदार्थाला ‘पांव’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘पानिस’. इथे खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेवर पीठ फुगवलं. भाजणारा तो ‘पादेइरो’, त्याचा कोकणीत झाला पोदेर, आणि तो अजून गोव्यात सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत येतो. हेच दर्यावर्दी १५४३ मध्ये जपानला पोचले आणि तिथे ‘पांव’चा झाला ‘पान’. जपान्यांकडून कोरियनांनी घेतला, ‘प्पांग’. म्हणजे टोकियोतली शाळकरी पोरगी आणि दादर स्टेशनबाहेर वडापाव खाणारा गडी एकाच शब्दावर पोट भरतात.

इंग्रजी ‘कंपनी’तही हाच पानिस बसलाय. एकत्र बसून पाव खाणारे ते कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडे बसून काय काय खाल्लं ते आपण शाळेत शिकलो आहोत.

पोदेरचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर. मडगावात उतरलं की मला आधी पोई लागते. कोंडा लावलेली, मधून पोकळ, बोटाने दाबली की उसासा टाकल्यासारखी बसणारी. उंडो वरून कडक, कांकण म्हणजे बांगडीच, चहात बुडवलं तरी ताठा न सोडणारं. मुंबईतला लादीपाव त्यांचा शहरी भाचा. नोकरीसाठी आला, नरम झाला, लोकलमधल्या माणसांसारखा दाटीवाटीने भाजला जाऊ लागला. पहाटे बेकरीच्या मागच्या दाराने एकदा बघा. पिठाचा लोळागोळा यंत्रात फिरतो, मग माणसं फळीवर त्याचे गोळे मोडतात, हाताला तेल लावून, एका हाताला एक असे दोन गोळे एकाच वेळी वळतात. पाय जमिनीवरच असतात. कुणी कुठे कधी पायाने पीठ मळलं नसेल अशी हमी मी देत नाही, पण पावाचं नाव त्यावरून पडलेलं नाही.

मला दाट संशय आहे की हा सगळा घोटाळा हिंदीवाल्यांच्या कानाने केला. पोर्तुगीज माणूस पाव म्हणताना शेवट नाकातून काढतो. हिंदीत नाकातून काढलेला ‘पाँव’ म्हणजे पाय. संपली गोष्ट. उलट नाकातून न काढता कोरडा ‘पाउ’ म्हटलात तर पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड, काठी. ब्राझील या देशाचं नाव ज्या तांबड्या लाकडावरून पडलं ते पाउ-ब्राझील. (या ‘पाउ’चा आणखी एक अर्थ आहे, तो घरात येणाऱ्या वर्तमानपत्रात छापता येत नाही. लिस्बनच्या बेकरीत मात्र नाक जपून वापरा.) आपल्या मुंबईत पाउ आणि पांव यांची पिढ्यान् पिढ्या सोयरीक होती, भट्टी लाकडाचीच असे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने योग्यच. चवीबद्दल बेकरीवाल्यांना विचारा, ते अर्धा तास सोडणार नाहीत.

हा दोन अक्षरांचा आवाज जगात भलतीकडेही सापडतो. बार्सिलोनाकडच्या कॅटलान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता, आणि तेच पुरुषाचं नावही, आपल्या पॉलचा भाऊबंद. जगाने पाब्लो म्हणून ओळखलेला चेलोवादक कसाल्स घरच्या भाषेत पाउ कसाल्स. १९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघात म्हाताऱ्याने आपल्या गावाकडची पक्ष्यांची धून वाजवली आणि आमचे पक्षी शांतता शांतता असंच गातात असं सांगितलं, तेव्हा तो एका अर्थी स्वतःचंच नाव घेत होता. हवाई बेटांवर ‘पाउ’ म्हणजे संपलं, झालं. ‘पाउ हाना’ म्हणजे कामावरून सुटल्यानंतरची वेळ, आणि ती तिथे दुकानांच्या पाट्यांवर आनंदाने रंगवलेली असते. सिंगापूर-मलेशियात ‘पाउ’ म्हणजे वाफवलेला, आत सारण भरलेला गोळा. दिसायला आपल्या पावाचा मावसभाऊ, पण नातं शून्य. तो चिनी शब्दातून आला, अर्थ गुंडाळणे. फ्रान्समध्ये याच अक्षरांचं एक गाव आहे, चौथा हेन्री राजा तिथे जन्मला. उच्चार मात्र ‘पो’. फ्रेंच लोक अक्षरं लिहितात सगळी आणि वाचतात परवडतील तेवढी.

आता मूळ मुद्दा. पायाचा आणि पावाचा संबंध आहे! फक्त तो बेकरीत नाही, वाण्याच्या तराजूत आहे. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद. त्या पादाचा झिजून झाला पाव. स-पाद तो सव्वा. पाद-ऊन, म्हणजे पाव कमी, ते पाऊण. पाव किलो तूरडाळीत शुद्ध सोवळ्यातला पाय आहे, आणि त्याबद्दल गटावर कुणाला ओकारी येत नाही.

हे काकांना समजावण्यासाठी मी खाली उतरलो होतो, वाटेत किराणा होता, घरून रवा सांगितला होता. म्हटलं, “पाऊण किलो रवा दे.” गल्ल्यावरचा पोरगा साताऱ्याकडचा, बी.कॉम. झालेला, तोंडात अस्सल मराठी. तो थबकला. “पाव किलो?” “पाऊण.” “म्हणजे दीड?” मी तीन बोटं दाखवली, त्याने तीन किलोची पिशवी उचलली. मागच्या बाई करवादल्या, “अरे, सेव्हन फिफ्टी!” त्याचा चेहरा उजळला. काट्यावर ०.७५० उमटलं. “काका, ग्रॅममध्ये सांगत जा ना,” असं त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की भांडताही येईना.

घरी भाचीला विचारलं, पावणेपाच म्हणजे किती? ती म्हणाली, पाच वाजून पंधरा. सव्वापाच? तेही पाच वाजून पंधरा. मग दोन शब्द कशाला, हा तिचाच मला प्रश्न. पावणेबाराला पावणं आलं आणि नवस पावला, या एका वाक्यात तीन वेगळ्या गावचे पाव आहेत : पहिला पादातला, दुसरा पाहुण्यातला, तिसरा प्राप्त होण्यातला, ज्यातून आपली पावतीही निघाली. भाचीने ऐकून घेतलं आणि मोबाइलकडे बघून सांगितलं, आता चार पंचेचाळीस झालेत.

तर परदेशी पावाची काळजी नको. तो वड्याला धरून आहे, मिसळीला धरून आहे, भाजीला धरून आहे. कुठलाही निरोप त्याचं वाकडं करू शकत नाही. जातोय तो आपला घरचा पाव. शेर गेला तसा पावशेर गेला. पावली, म्हणजे चार आणे, नंतरचे पंचवीस पैसे, ३० जून २०११ ला चलनातून बाद झाली. १९५७ मध्ये दशमान नाणी आली त्याच दिवशी पावकीचा पाया ढासळला होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी : आमच्या आजोबांच्या पिढीने हे अपूर्णांकांचे पाढे छडीच्या धाकाने पाठ केले आणि जन्मभर बाजारात कागद-पेन्सिल न लावता व्यवहार केले. अकरा अडीचके विचारलं की उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं. दशमान पद्धत सोपी आहे, हिशेबाला चोख आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण शंभर ग्रॅमच्या पटीत घर चालत नाही. भाजीवाली अजून ‘पावला वीस’ म्हणते, आणि शिंप्याकडे अजून पावणेदोन मीटर कापड लागतं.

यातला सगळ्यात देखणा शब्द औट. साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा अर्धा. तसाच तिसरा अर्धा तो अडीच. राजकारणावर लिहिणारे माझे शेजारी स्तंभलेखक दर निवडणुकीनंतर ‘औटघटकेचं राज्य’ लिहितात. घटका चोवीस मिनिटांची, औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं, सव्वा तासाहून थोडं जास्त. अलीकडच्या काही मंत्रिमंडळांचं आयुष्य पाहता हे अगदीच अतिशयोक्त वाटत नाही.

या सदराच्या वाचकांत सत्तरी-ऐंशीची मंडळी बरीच आहेत, पत्रांच्या अक्षरावरून कळतं. त्यांच्याकडे एक काम. तुमच्यापैकी कुणाला पावकीपासून औटकीपर्यंतचे पाढे अजून चालीवर म्हणता येत असतील, तर नातवाला मोबाइल धरायला सांगून ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. ठेका, मध्ये घेतलेला श्वास, चुकून गाळलेला आकडा, सगळं तसंच राहू द्या. आणि वाण्याकडे गेलात की पाऊण किलो म्हणा, दोनदा म्हणावं लागलं तरी.