नातवंडांच्या सहा भेटी आणि बर्लिनचं मृत्युपत्र



गेल्या अंकात पेन्शनबद्दल लिहिल्यावर दोन-तीन वाचकांनी "आता मृत्युपत्राचंही सांगा" असं कळवलं. हा विषय निघाला की कोणीतरी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणतं आणि गप्पा दुसरीकडे वळतात. पण या उन्हाळ्यात मला तो टाळता आला नाही. आमच्या परिचयातल्या एका काकांनी साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं. टाइप केलेलं दोन पानी मृत्युपत्र, आणि त्यात एक कलम : दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने दर दिवाळीला घरी यावं, एक जरी दिवाळी चुकली, तरी त्याचा हिस्सा बहिणीला. काकू आत चहा करत होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

पहिली अडचण कागदाचीच होती. जर्मनीत नोटारकडे न जाता मृत्युपत्र करायचं, तर ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करावी लागते. जागा आणि तारीखही घालावी. टाइप करून फक्त सही केलेला कागद चालत नाही, साक्षीदार कितीही असोत. भारतात उलटं : टाइप केलेलं चालतं, पण दोन साक्षीदार हवेतच. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी भारतीय पद्धतीनं केलेला कागद इथे मान्य होऊ शकतो, पण काकांनी जर्मन पासपोर्ट घेऊन वीस वर्षं झाली. त्यामुळे त्यांचा कागद इथल्या घरासाठी निरुपयोगी. तेव्हा पुण्यात फ्लॅट आणि इथे घर असणाऱ्यांनी साधा उपाय करावा : सगळं हातानं लिहावं आणि शिवाय दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. साक्षीदार वारसांपैकी नसावेत. भाषेचं बंधन नाही. मराठीत, देवनागरीत लिहिलेलंही चालतं, पुढे भाषांतर करून घ्यावं लागतं एवढंच.

दुसरी अडचण अटीची. फ्रँकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. एका आजोबांनी निम्मी मिळकत पत्नी आणि एका मुलाला दिली, उरलेली निम्मी दुसऱ्या मुलाच्या दोन लहान मुलांना. पण नातवंडांनी वर्षातून किमान सहा वेळा भेटायला यायला हवं. भेटी तेवढ्या झाल्या नाहीत. 2019 च्या फेब्रुवारीत न्यायालयानं सांगितलं, की आजोबांची भेटीची इच्छा समजण्यासारखी आहे, पण पैशाचं आमिष दाखवून नातवंडांवर असा दबाव आणणं नीतीला धरून नाही. अट रद्द झाली आणि नातवंडांना वाटा मिळाला.

लग्नाच्या अटीचंही तसंच. कैसरच्या घराण्यात 1938 साली वारशाचा करार झाला, त्यात बरोबरीच्या कुळात लग्न न करणारा वारस ठरणार नाही असं कलम होतं. ते प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. 2004 साली न्यायालयानं खालच्या कोर्टांचे निर्णय रद्द केले : अशा अटीनं लग्नाच्या स्वातंत्र्यावर किती दबाव येतो हे त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. "मराठी सून आणली तरच घर" असं मनात असलेल्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं!

आपल्याकडे टिळकांचं ताई महाराज प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा महाराजांनी 1897 साली मृत्युपत्र केलं : मुलगा झाला नाही किंवा झालेला वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीनं दत्तक घ्यावा. अट अगदी साधी. पण 1901 साली औरंगाबादला दत्तक खरोखर झालं की नाही, यावरून टिळकांच्या मागे कोर्ट लागलं ते प्रिव्ही कौन्सिलनं 1915 साली निकाल देईपर्यंत. अट स्वच्छ असली, तरी ती पुरी झाली की नाही हा वाद मागे उरलेल्यांच्याच गळ्यात पडतो.

म्हणून सगळ्या अटी वाईट, असं मात्र नाही. इथे नवरा-बायकोंचं 'बर्लिनर टेस्टामेंट' फार लोकप्रिय आहे. दोघं एकमेकांना एकटा वारस करतात आणि मुलांना दोघांच्या मागे मिळतं. एकानं हातानं लिहायचं, दोघांनी सही करायची. पण इथल्या कायद्यात मुलांचा सक्तीचा हिस्सा असतो, प्फ्लिश्टटाइल. तो कायदेशीर वाट्याच्या निम्मा, आणि रोख पैशात. गोव्याच्या वाचकांना हे नवीन नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून निम्म्या मिळकतीवर मुलांचा हक्क राखून ठेवलेला आहे.

हिशेब पाहा. घर नवऱ्याच्या नावावर, किंमत 4,80,000 युरो, मुलं दोन, लग्नाचा वेगळा करार नाही. प्रत्येक मुलाचा कायदेशीर वाटा चौथा, म्हणजे 1,20,000. सक्तीचा त्याच्या निम्मा, 60,000. एका मुलानं तेवढे मागितले, तर घर विकायची पाळी विधवा आईवर येते. म्हणून मृत्युपत्रात कलम घालतात : जो पहिल्या मृत्यूनंतर सक्तीचा हिस्सा मागेल, त्याला दुसऱ्या मृत्यूनंतरही तेवढाच मिळेल. ही अट कोर्टात टिकते.

बर्लिनरचे काटेही सांगायला हवेत. एक जण गेल्यावर, बदलाची मुभा आधी लिहून ठेवली नसेल, तर मागे राहिलेल्याला एकमेकांशी बांधलेली कलमं फिरवता येत नाहीत. मुलगी सांभाळते आणि मुलगा फोनही करत नाही, तरी वाटे तेच. दुसरं, कर. प्रत्येक मुलाला प्रत्येक पालकामागे 4,00,000 युरोची सूट असते. पहिल्या मृत्यूच्या वेळी मुलांना काहीच मिळालं नाही, तर ती वाया जाते. आणि पुण्याचा फ्लॅटही इथल्या हिशेबात धरतात. भारतात वारसाकर 1985 सालीच गेला, पण जर्मनी आपला सोडत नाही.

"मग भारतीय कायदाच निवडू" असं कोणी म्हणेल. 17 ऑगस्ट 2015 पासून युरोपीय नियमानुसार शेवटी जिथे नेहमीचं वास्तव्य, तिथला कायदा लागतो; भारतीय पासपोर्ट असेल, तर मृत्युपत्रात स्पष्ट लिहून भारतीय कायदा निवडता येतो. पण इथे राहणाऱ्या मुलांचा सक्तीचा हिस्सा त्यानं चुकेलच असं समजू नका. इंग्लंडचा कायदा निवडलेल्या एका गृहस्थाच्या प्रकरणात 2022 साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला.

जिवंतपणी घर द्यायचं असेल, तर राहण्याचा हक्क नोटारकडे लिहून घ्या. भारतात आईवडिलांनी मुलांना बक्षीसपत्र केलं, तर सांभाळण्याची अट त्यातच लिहावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानुसार अट मोडल्यास ते रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल, तर वाद वाढतो.

काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, दिवाळीचं कलम मृत्युपत्रात कशाला? मुलाला फोन करून सांगा की." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याला मी कधी सांगितलंच नाही रे." महिन्याभरानं काकूंनी फोन केला : दोघांनी बसून मराठीत हातानं लिहिलं, वकिलाला दाखवलं आणि आम्ट्सगेरिश्टमध्ये ठेवलं. (तिथे ठेवलेल्या मृत्युपत्राची नोंद 2012 पासून मध्यवर्ती नोंदवहीत होते, त्यामुळे ते मागे सापडतं.) दिवाळीचं कलम त्यात नाही. मुलाला फोन केला का, हे मी विचारलं नाही.

मोठी मिळकत किंवा दोन देशांचा मामला असेल, तर वकिलाचा किंवा नोटारचा सल्ला घ्याच. हा लेख त्याची जागा घेणार नाही. पुढच्या अंकात : आजारपणात आपल्या वतीनं सही कोणी करायची, ते मुखत्यारपत्र. शंका असतील, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा.